पेशंटचे नातेवाईक कोण? घरचा आजारी सांभाळणाऱ्या पोरांसाठी चालवलेल्या मीम-पानाच्या नोंदी

सांगली-मिरज हा दवाखान्यांचा पट्टा. मिरजेत १८९४ साली वानलेस यांनी मिशनचं इस्पितळ काढलं, तेव्हापासून कर्नाटकातूनही लोक इथं उपचाराला येतात. प्रत्येक पेशंटबरोबर कुणीतरी असतं आणि त्यात सोळा ते बावीस वयाची पोरं बरीच दिसतात. मोठी माणसं रानात, कारखान्यावर, दुकानात अडकलेली. फाइल घेऊन रांगेत उभी राहतात ती पोरं. घरी गोळ्यांच्या वेळा सांभाळतात तीही तीच.

त्यांच्यासाठी आम्ही दोघी इन्स्टाग्रामवर विनोदाचं एक पान चालवतो. मी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करते, मैत्रीण घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. इतर जिल्ह्यांत कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून वहीतल्या नोंदी उतरवून काढल्या आहेत. पोरांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि पानाचं नावही त्यासाठीच दिलेलं नाही.

रविवार, ८ जून २०२५

पहिली सगळी चित्रं वाया गेली. मावळता सूर्य, एकमेकांत गुंफलेले हात, खाली "तुम्ही एकटे नाही". लाइक आले ते आमच्याच घरच्यांचे. शेवटी प्रिंट काढून मिरजेत दवाखान्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर गेले. तिथं फाइलींच्या पिशव्या मांडीवर घेऊन पोरं बसलेली असतात. एकानं चित्र हातात घेतलं आणि म्हणाला, "ताई, हे बँकेच्या कॅलेंडरासारखं वाटालंय."

मग त्यानं स्वतःचा फोन काढून स्टेटस दाखवलं. काळ्यावर पांढरी अक्षरं: "पेशंटचे नातेवाईक कोण? रात्री तीनला हा आवाज आला की झोपेतच हात वर करणारा मी."

बाकड्यावरचे सगळे हसले. त्यातल्या काहींची एकमेकांशी ओळखही नव्हती. पण त्या हसण्यानंतर कुठल्या मजल्यावर प्यायचं पाणी मिळतं, चटई कुठं स्वस्त आहे, रात्री वॉर्डाबाहेर कुठं झोपू देतात, सगळं बोलणं सुरू झालं. आमच्या सूर्यास्तानं यातलं काहीही झालं नव्हतं.

ठरलं असं: विनोद पोरांचाच घ्यायचा. अक्षरं नीट लावणं आणि माहिती तपासणं एवढं काम आमचं.

रविवार, १५ जून

गुगल फॉर्म केला होता. पहिलाच प्रश्न, "तुम्ही घरातील रुग्णाची काळजी घेता का?" बहुतेकांनी "नाही" वर टिक केली. त्यातला एक मुलगा रोज वडिलांना आंघोळ घालतो, हे मैत्रिणीला माहीत होतं, कारण ती त्याच घरी व्यायाम घ्यायला जाते. तिनं विचारलं तर म्हणाला, "काळजी तर आई घेती. मी नुस्ती मदत करतो."

प्रश्न बदलले. सकाळच्या गोळ्या कोण काढून देतं? शेवटचं केसपेपर कुणी काढलं? रात्री हाक आली तर कोण उठतं? आता उत्तरं भरभरून आली.

फॉर्ममध्ये नाव आणि मोबाइल नंबर मागितला होता, ते रकाने काढून टाकले आणि आलेली यादी पुसली. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि तिची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. आपल्याला नाव लागतच नाही. जे लागत नाही ते मागू नये.

रविवार, २२ जून

पहिलं चाललेलं चित्र. शहाळं.

एका मुलीच्या आईचं डायलिसिस चालू आहे. तिनं लिहून पाठवलं होतं की भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो, तिचं नको म्हणणं कुणी ऐकत नाही, उलट "आम्हाला शिकवती का?" म्हणतात. किडनी काम करत नसेल तर पोटॅशियम अंगात साठतं आणि त्याचा थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. बेदाण्यातही भरपूर, आणि आमच्याकडे पाव्हणा तासगावकडून येणार असेल तर बेदाण्याची पिशवी हातात असतेच. डायलिसिस आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, प्रत्येक वेळी साधारण चार तास. दोन खेपांच्या मधल्या दिवसांत जे पोटात जाईल त्याचा हिशोब त्या मुलीनं ठेवायचा.

तिच्याच शब्दांतून चित्र केलं. फोटो फक्त शहाळ्याचा. मजकूर:

पाव्हणं: प्या वो, जिवाला गार पडंल.
आतलं पोटॅशियम: आलोच.
दारात उभी मी: काका, तुम्हीच प्या. तुमच्या जिवाला गार पडू दे.

खाली साध्या मराठीत दोन ओळी: डायलिसिसच्या पेशंटला शहाळं, बेदाणे, केळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवा, उकळा आणि ते पाणी ओतून द्या.

हे चित्र पोरांनी एकमेकांना पाठवलंच, पण त्याहून जास्त घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. चुलते, आत्या, मामा, सगळे असतात त्या ग्रुपवर. त्या मुलीनं कळवलं की दोन दिवसांनी काका आले ते पेरू घेऊन, आणि दारातच "हे चालतंय न्हवं?" असं विचारून. पेरूही डॉक्टरांना विचारायला लागतो, पण काकांनी विचारलं ही मोठी गोष्ट.

मला वाटतं या कामाचं मर्म इथंच आहे. आपल्याकडे सोळा वर्षांच्या पोरीनं पन्नाशीच्या काकांना "हे आणू नका" म्हणणं उद्धटपणात जमा होतं. तीच गोष्ट चित्र होऊन फॅमिली ग्रुपवर गेली की काका स्वतःच हसतात आणि ऐकतात. पोरांना हसवणं चांगलंच, पण पोरं ज्यांना तोंडावर काही सांगू शकत नाहीत त्यांच्यापर्यंत ते पोचवणं हे जास्त मोलाचं.

रविवार, २९ जून

दुसरं चित्र, फोनवरचे मामा:

मामा: काय बी लागलं तर हाक मार.
मी: मामा, मंगळवारी चार तास बसाल काय दवाखान्यात?
मामा: हॅलो... हॅलो... आवाज तुटालाय.

हसण्याच्या दृष्टीनं आत्तापर्यंतचं सगळ्यात गाजलेलं. पण बुधवारी एका मुलाचा मेसेज आला. त्यानं ते स्टेटसला ठेवलं, सख्ख्या मामांनी बघितलं आणि घरी येऊन आईसमोर बोलून गेले. आई आजारी आणि वर भावाचा राग. पोरगं हैराण. मैत्रिणीनं त्याच्याशी फोनवर बोलून घेतलं. त्यानं मामांना काय म्हणावं तेही दोघांनी मिळून ठरवलं.

चित्र पानावरून हटवलं नाही, जोडीला दुसरं केलं. मामा खुर्चीत बसलेले, हातात पेपर, शेजारी पेशंटची फाइल, वर मोठ्या अक्षरांत: "मंगळवारी चार तास बसणारा मामा. विषय हार्ड." खाली: "भाचा आज कॉलेजला गेलाय."

हे शांतपणे पसरलं. हसण्याची चिन्हं कमी, पण लोकांनी आपापल्या मामांना, मावशांना नाव घेऊन टॅग केलं. एका मुलीच्या मामानं खरंच गुरुवार धरला. तेव्हापासून नियम: नातेवाइकांना टोमणा मारणारं चित्र केलं तर त्याच आठवड्यात त्यांना हिरो करणारंही करायचं. ज्याच्याकडून उद्या मदत लागणार आहे त्याला चेहरा राखून पुढं यायला वाट पाहिजे.

रविवार, ६ जुलै

तांत्रिक गोष्टी, थोडक्यात.

फोनवरच्या एका संपादन ॲपमध्ये जोडाक्षरं फुटत होती. "ऱ्या" चा र वेगळा पडायचा, "ष्ट" चे दोन तुकडे. पोरं त्यावरच हसायला लागली. आता मजकूर संगणकावर मुक्ता किंवा बलू या फाँटमध्ये लावते (दोन्ही फुकट आणि खुले आहेत) आणि चित्र म्हणूनच पुढं पाठवते.

पान बिझनेस खातं म्हणून उघडलं होतं, त्यामुळे रीलला चालू गाणी मिळत नव्हती. क्रिएटर खातं केलं, मिळाली. तरी गाण्यापेक्षा पोरांच्या आवाजातली एक ओळ जास्त चालते.

५०० रुपये देऊन एक पोस्ट बूस्ट केली. पुण्या-मुंबईचे लाइक आले, जिल्ह्यातून कुणी नाही. पैसे गेले. पुन्हा करायचं नाही.

रविवार, २० जुलै

पानावरच्या पोरांसाठी काढलेला व्हॉट्सॲप ग्रुप बंद केला.

काढताना वाटलं होतं, पोरं आपसात बोलतील. बोललीही. पण ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. एका मोठ्या वयाच्या सभासदानं दोन मुलींना वेगळे मेसेज पाठवायला सुरुवात केली. सुरुवात "कशी आहे आई?" अशी, नंतर दुसरंच. एका मुलीनं स्क्रीनशॉट पाठवले म्हणून कळलं. त्याला तत्काळ काढलं, मुलींना ब्लॉक आणि रिपोर्ट कसं करायचं ते दाखवलं. स्क्रीनशॉट जपून ठेवायला सांगितलं आणि घरात कुणाला सांगायचं यावर बोललो. दोघींपैकी एकीनं थोरल्या बहिणीला सांगितलं.

त्याऐवजी व्हॉट्सॲप चॅनेल काढलं. तिथं पाहणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि लिहू फक्त आपण शकतो. गप्पा गेल्या, हे खरं. पण दवाखान्यात एकटी बसलेली मुलगी कुणालाही सहज सापडू नये, हे आधी.

रविवार, २७ जुलै

स्टिकर, पानाकडे नेणारा क्यूआर कोड छापलेले. एका मोठ्या दवाखान्यात लावायला रीतसर परवानगी मागितली होती, उत्तरच आलं नाही. म्हणून बाहेरच्या जागा धरल्या: चहाचे गाडे, मेडिकल, झेरॉक्सचं दुकान, पेशंटच्या नातेवाइकांना खोल्या देणारे लॉज. झेरॉक्सवाल्या काकूंनी तर काउंटरवर मधोमध जागा दिली. आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट, सगळ्यांच्या झेरॉक्स काढायला पोरंच येतात, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

या आठवड्यात कळलं की सगळे स्टिकर मेले आहेत. क्यूआर कोड एका फुकट वेबसाइटवरून केला होता. तो "डायनॅमिक" होता, म्हणजे आधी त्यांच्या पत्त्यावर जातो आणि तिथून आपल्या. चाचणीची मुदत संपली आणि पैसे भरा म्हणून पाटी यायला लागली. छपाईचे १,४०० रुपये पाण्यात. क्यूआर नेहमी थेट दुव्याचा करावा, तो कधी संपत नाही. आणखी एक: इन्स्टाग्रामचा दुवा लॉगिन नसलेल्या फोनवर आधी लॉगिनच मागतो, माणूस तिथूनच परत फिरतो. नवीन स्टिकरवर व्हॉट्सॲप चॅनेलचा दुवा दिला आहे. छपाई दुकानातल्या उरलेल्या व्हिनाइलच्या पट्ट्यांवर केली, मालकांनी पैसे घेतले नाहीत.

रविवार, ३ ऑगस्ट

या नोंदीला वेळ देते, कारण पुढं काम करणाऱ्या प्रत्येकासमोर हे येणार.

पलूसकडच्या एका मुलानं आजोबांचा व्हिडिओ पाठवला. आजोबांना स्मृतिभ्रंश आहे. टीव्हीचा रिमोट कानाला लावून ते कुणाशी तरी बोलताहेत, मुलगा मागून हसतोय. व्हिडिओ मजेशीर होता. टाकला असता तर खूप चालला असता.

आम्ही टाकला नाही. त्या मुलाला राग आला. "ते माझे आजोबा आहेत. मीच त्यांचं सगळं करतो. मग मी हसू नको?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. दिवसभर त्यांचं करतो तोच, आणि ते हसणं क्रूर नव्हतं, दमलेल्या पोराचं होतं. पण आजोबांना विचारता येत नाही, आणि एकदा बाहेर गेलेला व्हिडिओ हे सगळं समजून घेणाऱ्यांच्याच हातात राहत नाही. गावात कुणीतरी त्यांना "हॅलो आजोबा" म्हणून चिडवणार.

मी त्याला विचारलं, "मग पुढं काय झालं?" त्यानं जे सांगितलं ते जसंच्या तसं काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लावलं:

आजोबांनी रिमोट कानाला लावला.
मी पलीकडनं "हॅलो" म्हटलं.
दहा मिनिटं बोलालो.
पाऊस कसा हाय म्हणून विचारलं त्यांनी.
मी म्हटलं, लई हाय. रानात जाऊ नका.
त्या दिवशी गेले न्हाईत.

लोक हसलेही आणि खूप लोकांनी स्वतःचं लिहिलं. एका मुलीनं लिहिलं की आजी रोज संध्याकाळी "घरी चल" म्हणून मागं लागते, आणि घरात बसून घरी कसं न्यायचं हे तिला कळत नव्हतं. आता ती आजीचा हात धरून अंगणाला एक फेरी मारते आणि "आलं घर" म्हणते. भांडण थांबलं. मैत्रीण म्हणाली, जाणकारही हेच सांगतात, की अशा पेशंटचं चूक दाखवून वाद घालू नये, त्यांच्या बोलण्यात शिरावं. आम्ही कुणी हे शिकवलं नव्हतं. पोरांनी पोरांना सांगितलं.

नियम लिहून पानावर वर चिकटवला: पेशंटचा चेहरा नाही, आवाज नाही, उघडं अंग नाही. हसायचं ते रांगेवर, सल्ल्यांवर, फाइलीवर, परिस्थितीवर आणि पोराच्या स्वतःच्या हुशारीवर.

मंगळवार, १९ ऑगस्ट

कोयनेतून विसर्ग वाढलाय, कृष्णा चढतेय. सांगलीत आयर्विन पुलाचा आकडा प्रत्येकाच्या तोंडात असतो: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्यांचे काय हाल झाले ते सगळ्यांनी बघितलंय.

रात्री बसून चित्र केलं, आकड्यांचीच पायरी:

३५ फूट: फाइल प्लास्टिकच्या पिशवीत. आठवड्याच्या गोळ्या बाजूला.
३८ फूट: डायलिसिस सेंटरला फोन. रस्ता बंद पडला तर कुठं जायचं, आत्ताच विचारा.
४० फूट: आजी मावशीकडं.
आजी: दोन हजार पाचला बी मी हाललो न्हवतो.

कॅप्शनमध्ये: घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर वीज जाण्याआधी भरलेल्या सिलिंडरची सोय करा. इन्सुलिन थंड राहील असं न्या, पण बर्फाला थेट चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं. माणूस उचलून न्यायची वेळ आली तर चादरीची झोळी कशी धरायची त्याचा छोटा व्हिडिओ मैत्रिणीनं केला, पेशंटच्या जागी मी झोपले.

सगळ्यात जास्त पुढं पाठवलं गेलेलं हेच. आजीच्या त्या एका ओळीसाठी लोक उघडतात आणि वरच्या तीन ओळी वाचून जातात.

रविवार, ३१ ऑगस्ट

गणपतीत पोस्ट कमी. वेळेचं एक कळलं: पोरं खरी मोकळी होतात रात्री अकरानंतर, पेशंट झोपल्यावर. पण २०२५ च्या फेब्रुवारीपासून इन्स्टाग्रामनं भारतात १८ वर्षांखालच्यांची खाती वेगळी केली आहेत. ती आपोआप खासगी असतात, रात्री १० ते सकाळी ७ सूचना वाजत नाहीत आणि ओळखीबाहेरच्यांचे मेसेज पोचत नाहीत. हे सगळं त्यांच्या भल्याचंच आहे. म्हणून पोस्ट नऊच्या आत टाकतो, आणि आपण होऊन कुणालाही मेसेज करत नाही. त्यांनी आधी लिहायचं.

रविवार, १४ सप्टेंबर

गुरुवारी रात्री एका मुलीचा मेसेज आला. आमच्याच एका चित्राखालची हसरी खूण, आणि त्याखाली जगणं नको झाल्याचं एक वाक्य. पहिल्यांदा वाचताना ते विनोदासारखं वाटू शकलं असतं.

मैत्रिणीनं आडवळण न घेता सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार मनात येतोय का? हो म्हणाली. मैत्रीण तिच्याशी बोलत राहिली, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला आणि तिनं फोन लावेपर्यंत थांबली. हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. त्याच रात्री तिच्या होकारानं चुलत बहिणीला बोलावून घेतलं. ती आता शासकीय दवाखान्यात समुपदेशनाला जाते आणि वडिलांचं रात्रीचं बघायला बहीण येऊन राहिली आहे.

आम्ही बदललेल्या गोष्टी. मेसेजची खिडकी उघडताच आधी तीन नंबर दिसतात: १४४१६, १८ वर्षांखालच्यांसाठी १०९८ आणि तातडीला ११२. खाली लिहिलंय की आम्ही डॉक्टर नाही आणि रात्री साडेअकरानंतर उत्तर देऊ शकत नाही. दमण्यावर, झोपेवर, चिडण्यावर विनोद चालेल. मरणावर, "संपवून टाकू" वर अजिबात नाही, कितीही चांगला असला तरी. तसले विनोद पानावर नेहमीचे झाले की खरी हाक त्यात ओळखू येत नाही.

हे काम एकट्यानं सुरू करू नका. दुसरं माणूस नसेल तर मेसेज बंद ठेवून फक्त चित्रं टाका.

रविवार, ५ ऑक्टोबर

योजनांची माहिती चित्रात बसवायला महिना गेला, कारण आम्ही आधी पूर्ण शासकीय भाषा वापरत होतो. आता एका चित्रात एकच गोष्ट.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे, आणि जुलै २०२४ पासून ते सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे. दवाखाना योजनेत असेल तर आत आरोग्यमित्र, म्हणजे योजनेसाठी पेशंटला मदत करणारा माणूस, बसतो. पोरं त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत, बिलाच्या खिडकीवरूनच परत येतात. चित्र: हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीसारखी चौकट, "आरोग्यमित्र. दिसल्यास आधी यांना भेटा, मग बिलाच्या खिडकीला." खाली कागद: रेशनकार्ड, आधार, रिपोर्ट. मदतीचा नंबर १५५३८८.

दुसरं, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा वडील गंभीर आजारी असतील तर १८ वर्षांखालच्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, निर्णय बालकल्याण समितीकडे. ही योजना फक्त अनाथांसाठी आहे अशी बऱ्याच घरांची समजूत आहे. चित्रावर एवढंच लिहिलं: "आई-बाबा आहेत, तरी विचारा." अर्ज कुठं द्यायचा हे विचारणारे मेसेज अजून येताहेत.

रविवार, २६ ऑक्टोबर

दिवाळीत एका मुलाचे वडील गेले. पानावर पहिल्या दिवसापासून असलेला मुलगा, चहाच्या गाड्यावर स्टेटस दाखवणारा तोच. आमची चित्रं त्याच्या फोनवर रोज येत होती. त्या दिवशीही औषधांच्या डब्यावरचा विनोद गेला असणार.

मैत्रीण घरी जाऊन आली. मी काही लिहिलं नाही, फक्त तिच्याबरोबर फराळाचा डबा पाठवला. पानावर एक साधी सूचना टाकली: घरात दुःख झालं असेल तर आमचं पान काही दिवस म्यूट करा, कसं करायचं ते इथं आहे, आणि एक शब्द कळवा म्हणजे आम्ही भेटायला येऊ. पेशंट गेल्यावर पोरांचं काय, हा विचारच आमच्या आखणीत नव्हता. गोळ्यांच्या वेळा संपतात आणि दिवस रिकामा पडतो, कॉलेज मागं राहिलेलं असतं. याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. सध्या एवढंच करतो की दहाव्या-बाराव्यानंतर पाव्हण्यांची गर्दी ओसरली की दोघींपैकी कुणीतरी जातं.

रविवार, २३ नोव्हेंबर

खर्च: वाया गेलेले स्टिकर १,४००, बूस्ट ५००, फोनचा स्टँड ४५०, झेरॉक्स आणि चहापाणी धरून सगळं तीन हजारांच्या आत. वेळ मात्र जातो, रोज रात्री दीड-दोन तास, आणि त्यातला जास्त वेळ मेसेजना उत्तरं देण्यात. चित्रं आता तीन मोठी पोरं करतात. एक तासगावची, दोन सांगलीतले. अठरा पूर्ण झालेलीच घेतली आहेत.

पुढचं काम बारावीचं. फेब्रुवारीत परीक्षा सुरू होते आणि डायलिसिसची पाळी ठरलेली असते. परीक्षेच्या सकाळी आईला सेंटरवर सोडायचं का पेपरला जायचं, असा प्रश्न गेल्या वर्षी एका मुलीला पडला होता. ती पेपरला उशिरा पोचली. यंदा वेळापत्रकाची चौकट केली आहे: एका रकान्यात पेपर, दुसऱ्यात डायलिसिसची पाळी, तिसऱ्यात "त्या दिवशी कोण बसणार". तिसरा रकाना भरूनच फॅमिली ग्रुपवर टाकायचा, वर मामाचं हिरोवालं चित्र लावून. पाळी बदलून हवी असेल तर सेंटरला आत्ताच, डिसेंबर उजाडायच्या आत, तारखांसकट अर्ज द्या. दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या.